अर्धी प्रदक्षिणा

1892 साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या चालीचा एक हिशेब मांडला. सपाटीवर 3 मैलांना एक तास धरायचा आणि दर 2000 फूट चढाला त्यात आणखी एक तास मिळवायचा. आजच्या मापात सांगायचं तर 5 किलोमीटरला तास आणि 600 मीटर चढाला तास. इथले चालणारे लोक अजूनही याच हिशेबाने दिवस आखतात. आम्हीही नॉटिंगहॅमच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून तेच केलं. पायवाटेच्या हिरव्या तुटक रेषेवर शिवणाचा दोरा ठेवत गेलो, वळणाला वळण दिलं आणि मग दोरा सरळ करून पट्टीवर धरला. बारा किलोमीटरच्या आसपास भरला. चढ सगळे मिळून साडेतीनशे मीटर. म्हणजे सव्वादोन-अडीच तास चालीचे, पस्तीस मिनिटं चढाची. तीन तासांत गोल फेरी पुरी.

या तीन तासांत आई कुठेच नव्हती.

ती साताऱ्याहून उन्हाळ्यापुरती आली आहे. सत्तरी ओलांडली आहे. चढ अजून चढते, उतार मात्र गुडघ्यांना सोसत नाही. आम्ही किलोमीटर मोजत होतो तेव्हा ती चष्मा पुसत नकाशाकडे बघत बसली होती. अंतर तिने विचारलंच नाही. म्हणाली, "पाणी कुठं मिळेल? बसायला जागा कुठं आहे? आणि बाथरूमचं काय?" मुलं हसली. मला मात्र तो प्रश्न अगदी रास्त वाटला, कारण तो विचारणारी बाई दिंडीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेली आहे.

माउलींच्या पालखीचं वेळापत्रक ज्यांनी पाहिलं आहे त्यांच्या लक्षात येईल. न्याहारी कुठे, दुपारचा विसावा कुठे, मुक्काम कुठे, हे त्यात गावांच्या नावानिशी आधीच छापलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली तेव्हापासून ही चाल थांब्यांच्या आधाराने चालते. पुणे-सासवड हा मोठा टप्पा, मध्ये दिवे घाट, पण म्हातारी माणसंसुद्धा तो पार करतात, कारण पुढे कुठे टेकायचं ते त्यांना ठाऊक असतं. आईच्या दृष्टीने वाट म्हणजे विसाव्यांची माळ. दोन विसाव्यांमधलं अंतर पाय बघून घेतात.

म्हणून आम्ही तीच बारा किलोमीटर पुन्हा आखली, या वेळी तिच्या पद्धतीने.

जायचं आहे ते पीक डिस्ट्रिक्टच्या पूर्वेकडच्या कडेला. 1951 च्या एप्रिलमध्ये घोषित झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. नॉटिंगहॅमहून तासाभरात शेफिल्ड, तिथे गाडी बदलून होप व्हॅलीची छोटी गाडी. ती टॉटलीच्या साडेपाच किलोमीटरांहून लांब बोगद्यात शिरते आणि अंधार संपतो तेव्हा ग्रिंडलफर्डचं स्टेशन अगदी बोगद्याच्या तोंडाशी उभं असतं. खाली उतरलं की एका बाजूला ओकची झाडी आणि तिच्यातून येणारा ओढ्याचा आवाज. हा बर्बेज ओढा. तो ज्या घळीतून खाली येतो ती पॅडली गॉर्ज.

पॅडलीची चढण हा दिवसातला पहिला कष्टाचा भाग. मुळं वर आलेली, दगडांवर शेवाळ, झाडं वाकडीतिकडी. पण इथे चढायचंच आहे, उतरायचं नाही, आणि फेरीची दिशा आम्ही त्याचसाठी अशी धरली. उलट्या दिशेने गेलो असतो तर ही घळ दिवसाच्या शेवटी, दमलेल्या पायांनी, उतरावी लागली असती. नकाशा कोणती दिशा बरी ते सांगत नाही. कंटूरच्या रेषा दोन्ही बाजूंनी तितक्याच दाट दिसतात. गुडघा कोणाचा आणि कोणत्या वेळी, यावर दिशा ठरते.

घळ संपली की झाडी एकदम मागे राहते आणि गवताचा उघडा उतार लागतो. इथून लाँगशॉची इस्टेट. पहिला विसावा इथेच, कारण जुन्या लॉजजवळ चहा मिळतो आणि आईच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही. पण या जागेत तेवढंच नाही. ही ड्यूक ऑफ रटलंडची शिकारीची जागा होती. ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या माळावर साध्या माणसाला पाऊल टाकता येत नसे. 1920 च्या दशकात ती विक्रीला निघाली तेव्हा ती सगळ्यांसाठी राखायची म्हणून शेफिल्डमध्ये वर्गणी गोळा करण्यात आली. त्या मोहिमेच्या पुढे होत्या एथेल गॅलिमोर, पुढे एथेल हेथॉर्नथ्वेट या नावाने ओळखल्या गेलेल्या. 1894 चा जन्म. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, नवरा मारला गेला. त्या दुःखातून बाहेर याव्यात म्हणून घरच्यांनी त्यांना गावाबाहेर चालायला नेलं. त्या चालत राहिल्या आणि ज्या माळांनी सावरलं ते माळ वाचवण्यात उरलेलं आयुष्य घातलं. 1924 मध्ये त्यांनी त्यासाठी संस्था उभी केली. 1931 पासून लाँगशॉ नॅशनल ट्रस्टकडे आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वर्गणीतून घेतलेली जागा म्हणजे देवस्थानच की."

लाँगशॉच्या पुढे फॉक्स हाऊसचा तिठा. तिथे शेफिल्डला जाणारी बस थांबते. नकाशावर मी त्याच्याभोवती लाल पेनने गोल केला आहे.

रस्ता ओलांडला की बर्बेजचं खोरं. इथून पुढे मूर. आपल्याकडे नेमकं असं काही नाही. उंचावरचं ओलसर माळरान म्हणावं, पण पायाखालची माती म्हणजे हजारो वर्षं कुजत साठलेलं शेवाळ आणि गवत. ते पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतं. वीतभर काळ्या थराला दोन शतकं लागलेली असतात आणि उन्हाळ्यात कोणी निष्काळजीपणे पेटवलेली शेगडी तो एका दुपारी जाळून टाकू शकते. म्हणून आमच्या यादीत स्टोव्ह नाही. थर्मासमधला चहा आणि दशम्या. ऑगस्ट सरत आला आहे, म्हणजे हेदर फुललेलं असणार, सबंध उतार जांभळा.

या खोऱ्यातून वरपर्यंत एक रुंद, सौम्य चढाची वाट जाते. ड्यूकच्या शिकारी पाहुण्यांच्या बग्ग्यांना सोयीची व्हावी म्हणून ती केली होती. बंदुका घेऊन आलेल्यांसाठी बांधलेल्या त्या रस्त्यावरून आज लहान मुलांच्या ढकलगाड्या जातात, काठी टेकत म्हातारी माणसं जातात. मला या सगळ्या फेरीत हा तुकडा सर्वात प्रिय आहे. उजवीकडे कड्यांची सलग ओळ, डावीकडे खाली ओढा, त्यापलीकडे हिगर टॉर आणि कार्ल वार्कचे दगडी माथे. वाट चुकायला जागाच नाही. तीनएक किलोमीटरवर ती खोऱ्याच्या डोक्याशी बर्बेजच्या वरच्या पुलाला मिळते. समुद्रसपाटीपासून 400 मीटर उंची. फेरीचा मध्य इथेच.

आणि खरा विचार करायला लावणारी जागाही हीच. पुलापासून पुढे वाट खडकाळ होते. हिगर टॉर, 434 मीटर, मग दगडांच्या राशीतून उतरण, मग कार्ल वार्क, मग पाणथळ माळ, मग बोल हिलच्या जुन्या खाणीचा लांब उतार. आईला न सोसणारं जे काही आहे ते सगळं या दुसऱ्या अर्ध्यात. पहिल्या अर्ध्यात एकच अवघड तुकडा आहे, तोही चढाचा.

गोल वाटेला एक ओढ असते. एकदा निघालो की पुरी करावीशी वाटते. मागे वळलं तर काहीतरी अर्धवट राहिलं, अशी हुरहुर लागते. आपल्या मनात ती जास्तच असते, कारण फेरी म्हटली की आपल्याला प्रदक्षिणा आठवते आणि प्रदक्षिणा मध्येच सोडायची नसते. डोंगरावर हीच ओढ घातक ठरते. पुलावर पोचेपर्यंत पाय दमलेले असतात, मुलं पुढे पळालेली असतात, समोर माथा दिसत असतो, आणि दमलेलं माणूस "चालेल, होईल" म्हणतं. ज्याला जमणार नाही तोच सगळ्यात आधी "मला जमेल" म्हणतो, इतरांचा दिवस मोडू नये म्हणून. त्या क्षणी कोणाकडूनही खरं उत्तर मिळत नाही. म्हणून तो प्रश्न तिथे विचारायचाच नाही. घरी, पोट भरलेलं असताना, पाय खुर्चीखाली असताना विचारायचा आणि उत्तर कागदावर लिहून टाकायचं.

मी हे आईला जपून, घाबरत सांगत होते. तिला वगळतोय असं वाटू नये म्हणून शब्द शोधत होते. तिने मध्येच थांबवलं. "अगं, शंकराला अर्धीच प्रदक्षिणा असते."

मी विसरलेच होते. महादेवाच्या देवळात पिंडीवरचं अभिषेकाचं पाणी ज्या वाटेने बाहेर जातं ते सोमसूत्र ओलांडायचं नसतं. तिथपर्यंत जायचं, मागे फिरायचं आणि आल्या वाटेने पुन्हा त्याच्या दुसऱ्या बाजूपर्यंत यायचं. तिथून परतणाऱ्याची प्रदक्षिणा कोणी अपुरी म्हणत नाही. तीच तिथली पुरी प्रदक्षिणा. बर्बेजच्या पुलाखालूनही पाणीच वाहतं. आईने नकाशावर त्या निळ्या रेषेवर बोट ठेवलं आणि तिचा भाग ठरवून टाकला: पुलापर्यंत यायचं, बसायचं, खायचं आणि बग्गीच्या त्याच सौम्य रस्त्याने फॉक्स हाऊसला परत. तिथून बस. जे सांगायला मी शब्द शोधत होते, ते तिने शास्त्राच्या आधाराने आधीच ठरवलेलं होतं.

तिच्यासोबत मी परतणार. पुढचा अर्धा भाग मुलांचा आणि त्यांच्या बाबांचा. त्यातही बघण्यासारखं खूप आहे आणि मुलांना मी दोन गोष्टी मुद्दाम सांगून ठेवल्या आहेत.

पहिली कार्ल वार्क. तीन बाजूंना नैसर्गिक कडे आणि ज्या बाजूने चढाई होऊ शकते तेवढ्याच बाजूला मोठमोठ्या शिळा रचून केलेला तट. तो कधी बांधला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ती रचना कोणी समजावून सांगावी लागत नाही. निसर्गाने तासलेल्या कड्यावर श्रम वाया घालवायचे नाहीत, दुबळ्या बाजूला दगड लावायचा. मुलांनी अजिंक्यतारा पाहिला आहे, त्यांना ते तिथे उभं राहून कळावं अशी माझी इच्छा आहे. हिगर टॉरवरून हॅदरसेजच्या चर्चचं टोक दिसलं तर तेही बघायला सांगितलं आहे. तिथल्या आवारात रॉबिन हूडच्या लिटल जॉनची म्हणून एक कबर दाखवतात. दंतकथाच ती, पण नॉटिंगहॅमच्या मुलांना तिचं अप्रूप असणारच.

दुसरी बोल हिल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खाणीतून दहा लाख टनांहून जास्त दगड निघाला आणि रेल्वेने डरवेंट खोऱ्यात वर गेला, हाउडन आणि डरवेंट ही धरणं बांधायला. हाउडन 1912 मध्ये पुरं झालं, डरवेंट 1916 मध्ये. ही धरणं ज्या शहरांच्या पाण्यासाठी बांधली त्यांत शेफिल्ड, डर्बी आणि लेस्टरबरोबर नॉटिंगहॅमही होतं. बर्बेज ओढाही ग्रिंडलफर्डला डरवेंटलाच मिळतो आणि डरवेंट डर्बीच्या खाली ट्रेंटला. आपल्या घराजवळच्या ट्रेंट ब्रिजखालून जे पाणी जातं त्यात हा ओढा असतो, हे मुलांना पुस्तकातून नको, पायाने कळायला हवं. खाणीच्या झाडीत आता तयार करून कोणी न नेलेली जाती पडून आहेत, एकाला एक टेकून, शेवाळाने हिरवी झालेली. तेच दगडी चाक आज राष्ट्रीय उद्यानाचं चिन्ह आहे.

इतकं आखलेलं पाहून धाकटीने विचारलं की मग मजा कुठे उरली? तिचा प्रश्न रास्त आहे. मी तिला बर्ट वॉर्डची गोष्ट सांगितली. शेफिल्डमधला कारखान्यात काम करणारा माणूस. 1900 च्या सप्टेंबरमध्ये एका रविवारी तो मोजक्या लोकांना घेऊन रेल्वेने ईडेलला गेला आणि किंडर स्काउट या पठाराला वळसा घालून आला. त्यातून कामगारांचा चालण्याचा क्लब उभा राहिला, शेफिल्ड क्लॅरियन रॅम्बलर्स. वॉर्ड वर्षानुवर्षं खिशात मावेल अशी पुस्तिका काढत राहिला, तीत पुढच्या फेऱ्या आधीच नेमून दिलेल्या असत. आठवड्यात एकच सुट्टी असलेल्या माणसांची ती सुट्टी वाया जाऊ नये, यासाठी दुसऱ्या कोणीतरी रात्री जागून केलेलं ते काम होतं. पुढे 24 एप्रिल 1932 ला बेनी रोथमन या 20 वर्षांच्या तरुणाबरोबर शेकडो जण मनाई मोडून किंडरवर चढले, पाच जण तुरुंगात गेले, आणि 2000 सालच्या कायद्याने मोकळ्या माळावर कुठेही चालण्याचा हक्क मिळाला. नकाशावर ती जमीन फिकट पिवळी दाखवतात. आम्ही जाणार तो बराचसा भाग पिवळा आहे. त्या रंगासाठी माणसांनी शिक्षा भोगल्या, मग तिथे जायच्या आधी दोन संध्याकाळी नकाशापुढे बसण्यात मला काहीच जड वाटत नाही.

उरलं ते थोडक्यात. सूर्यास्त आठच्या सुमारास, तेव्हा उजेडाची काळजी नाही. हीच फेरी डिसेंबरमध्ये काढली असती तर चारच्या आत अंधार झाला असता आणि सगळंच गणित वेगळं झालं असतं. गरम कपडे मात्र प्रत्येकाच्या पाठीवर, कारण पुलावरचा वारा नॉटिंगहॅमच्या अंगणात ओळखू येत नाही. शिट्टी मोठ्याच्या गळ्यात: मिनिटाला सहा फुंकी, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. फोन लागला तर 999, पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यूची मदत मागायची. रेस्क्यूवाले सगळे स्वयंसेवक असतात, आपलं घरचं ताट सोडून येतात. शेजारच्या काकूंकडे वाटेचा नकाशा आणि परत पोचण्याची वेळ देऊन ठेवली आहे.

कागदावर सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, दोन ओळी आहेत. पुलावर दीड वाजल्यानंतर पोचलो तर माथा कोणीच चढायचा नाही. पुलावरून हिगर टॉर स्पष्ट दिसत नसेल, धुकं असेल, तर दोन गट करायचे नाहीत, सगळ्यांनी आजीच्या वाटेने परतायचं. थोरल्याने दुसऱ्या ओळीवर हरकत घेतली, पाऊण तास वाद घातला, शेवटी खाली सही केली. धाकटीनेही केली. दशम्यांचे डबे आता दोन करायचे आहेत, चटणीही वेगवेगळी बांधायची आहे, आणि आई म्हणते शेंगदाण्याचे लाडू तिच्या पिशवीत राहतील, पुलावर पोचेपर्यंत कोणी मागायचे नाहीत.